आजोबा कुंडुंग, नातू मूलवर्मा

आजोबांचं नाव कुंडुंग. मुलाचं नाव अश्ववर्मा. नातवाचं मूलवर्मा.

ही तीन नावं एका दगडी खांबावर, एकाच लेखात, एकाखाली एक कोरलेली आहेत. खांब बोर्निओ बेटावरचा. आजच्या इंडोनेशियाच्या पूर्व कालिमंतान प्रांतात महाकाम नदीच्या काठी मुआरा कामन नावाचं गाव आहे, तिथे असे एकूण सात खांब मिळाले: चार १८७९ साली, तीन १९४०च्या सुमारास. सध्या ते जकार्तात आहेत. भाषा शुद्ध संस्कृत, वृत्तबद्ध. अक्षरांच्या वळणावरून काळ धरतात इ.स. ४००च्या आसपास. या खांबांना त्याच लेखात ‘यूप’ म्हटलं आहे. यूप म्हणजे यज्ञात पशू बांधायचा खुंटा. एरवी तो लाकडाचा असतो, इथे दगडाचा केला, म्हणूनच टिकला.

तेलुगू मुलखातल्या प्राचीन राजवंशांचा आणि समुद्रापलीकडच्या राज्यांचा संबंध काय, हा प्रश्न निघाला की फुनान, चंपा, जावा, ब्रह्मदेश अशी नावांची आतषबाजी होते आणि सामान्य वाचक दोन मिनिटांत गळपटतो. म्हणून आपण हा खांब धरून ठेवू आणि बाकीचं त्याच्या आधाराने बघू.

मुळात ‘तेलुगू राजवंश’ हा शब्द आपण आजच्या सोयीसाठी वापरतो. कृष्णा आणि गोदावरीच्या मुखाकडच्या प्रदेशात सातवाहनांनंतर जी घराणी उठली, ती इक्ष्वाकू, बृहत्फलायन, शालंकायन, आनंद गोत्राचे राजे, विष्णुकुंडी. यांचे लेख आधी प्राकृतात, मग संस्कृतात. दगडावर पूर्ण तेलुगू मजकूर दिसतो तो कडपा जिल्ह्यातल्या कलमळ्ळ इथे, साधारण इ.स. ५७५च्या सुमाराला, आणि तोही रेनाटी चोळांच्या काळातला. म्हणजे मूलवर्म्याच्या खांबानंतर पावणेदोनशे वर्षांनी. लोक तेलुगू बोलत असणार, यात शंका घ्यायचं कारण नाही. पण राजाची मोहर जिच्यावर उठायची ती भाषा वेगळी होती. आपल्याकडे नाही का, सातवाहनांचे नाशिकचे लेख प्राकृतात आहेत, त्यांना आपण मराठी लेख म्हणत नाही.

पल्लवांचंही तसंच. पल्लव म्हटलं की कांची आणि महाबलिपुरम डोळ्यांपुढे येतं, पण त्यांचे अगदी सुरुवातीचे पुरावे गुंटूरकडचे. पलनाडातल्या मंचिकल्लूचा शिलालेख आणि मायिदवोलूचा ताम्रपट हे दोन महत्त्वाचे. मायिदवोलूचा ताम्रपट म्हणजे कांचीहून धान्यकटकाच्या (आजच्या अमरावतीजवळच्या) अधिकाऱ्याला धाडलेला हुकूम आहे, आणि ज्या गावाबद्दल तो आहे ते ‘अंधापथ’ प्रदेशातलं, म्हणजे आंध्रपथातलं. सुरुवातीचे पल्लव तमिळ की आंध्र, यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात. तो वाद इथे नको.

आता दावा काय आहे ते बघू. समुद्रापलीकडच्या या राजांच्या नावांना ‘वर्मा’ लागतो: कुतेईचा (खांब मिळाले त्या मुलखाचं नाव) मूलवर्मा, पश्चिम जावातल्या तारुमनगरचा पूर्णवर्मा, आजच्या व्हिएतनाममधल्या चंपेचा भद्रवर्मा, मेकाँगच्या मुखाकडच्या फुनानचा जयवर्मा. पल्लव, शालंकायन, बृहत्फलायन यांच्यातही वर्मा आहेत. शिवाय अक्षरं सारखी. मग सरळ हिशेब मांडला जातो: आंध्र किनाऱ्यावरून राजपुत्र जहाजं घेऊन निघाले आणि तिकडे राज्यं थाटली. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बरेच भारतीय इतिहासकार याच सुरात लिहीत होते. वसाहतीत जगणाऱ्या माणसाला आपल्याही कधीकाळी वसाहती होत्या हे वाचून बरं वाटलं असेल, तर ते समजू शकतं.

यातला अक्षरांचा पुरावा सगळ्यात दमदार, म्हणून त्यापासून सुरुवात करू. मूलवर्म्याचे लेख १९१८ साली नीट वाचून छापले ते फोगेल या डच पंडिताने. त्या लिपीला ‘पल्लव’ हे नाव त्याने वापरलं आणि ते चिकटलं. पुढे १९२६ साली कृष्णेच्या खोऱ्यात नागार्जुनकोंड्याचे अवशेष उजेडात आले, तेव्हा तिथले इक्ष्वाकूंचे प्राकृत लेख वाचून छापणाराही हाच फोगेल. समुद्राच्या दोन्ही काठांवरचे दगड एकाच माणसाच्या डोळ्यांखालून गेले. आज बरेच लिपितज्ज्ञ म्हणतात की ‘पल्लव’ हे लेबल फार अरुंद आहे. इक्ष्वाकू, शालंकायन, सुरुवातीचे पल्लव, कदंब या सगळ्यांच्या अक्षरांचं वळण एका कुटुंबातलं आहे. व्हिएतनाममध्ये न्हा त्रांगजवळ वो-कान्ह इथे सापडलेला संस्कृत लेख तर मूलवर्म्याहून जुना मानला जातो. त्याच्या अक्षरांची तुलना काहींनी थेट इक्ष्वाकूंच्या लेखांशी केली, आणि त्यातल्या ‘श्रीमार’ या राजनामाचा धागा काहींनी पांड्यांकडे नेला.

म्हणजे लिपी कृष्णेच्या आणि कांचीच्या टापूतून गेली, हे जवळजवळ नक्की. पण लिपी गेली म्हणजे राजा गेला असं होतं का? मोडीत लिहिलेले हजारो कागद तंजावरात आहेत. तिथे भोसल्यांचं राज्य होतं, म्हणून ते पटतं. उद्या एखाद्या परमुलखातल्या सावकाराच्या चोपडीत मोडी सापडली, तर त्याला पेशव्यांचा भाऊबंद ठरवाल का? फार तर म्हणाल, याचा कारकून इकडचा असावा, किंवा इकडे शिकलेला. खांबावरचं अक्षर आपल्याला कारकुनाचा पत्ता देतं. धन्याचा पत्ता वेगळा शोधावा लागतो.

आणि धन्याचा पत्ता खांबावरच आहे. कुंडुंग हे नाव संस्कृत नाही. कितीही ताणलं तरी होत नाही, ते तिकडचंच नाव आहे. लेखात त्याला ‘श्रीमान नरेंद्र’ म्हणून मान दिलाय. पण पुढची ओळ अशी: ‘पुत्रोऽश्ववर्मा विख्यातः वंशकर्ता यथांशुमान्’. त्याचा विख्यात मुलगा अश्ववर्मा, सूर्यासारखा, वंश स्थापन करणारा. गंमत आहे की नाही? बाप राजा असताना वंश स्थापन करणारा मुलगा कसा? बाप टोळीचा किंवा नदीकाठच्या मुलखाचा नायक होता, असं धरलं की कोडं सुटतं. मुलाने ब्राह्मण बोलावले, नवं नाव घेतलं, तेव्हा ‘वंश’ नावाची गोष्ट सुरू झाली. नातवाने ‘बहुसुवर्णक’ यज्ञ केला आणि खांब उभारला, ‘तस्य यज्ञस्य यूपोऽयं’. दुसऱ्या खांबावर त्याने ब्राह्मणांना वीस हजार गायी दिल्याचं लिहिलंय, वप्रकेश्वर नावाच्या पुण्यक्षेत्री. बोर्निओच्या जंगलात वीस हजार गायी आल्या कुठून, हा प्रश्न मला तरी पहिल्याच वाचनात पडला. आकडा दानाच्या भाषेतला आहे, गुराख्याच्या हिशेबातला नाही. एके ठिकाणी त्या ब्राह्मणांना ‘इथे आलेले’ विप्र म्हटलं आहे. आले ते हे. राजा तिथलाच.

आता इकडच्या काठावर येऊ, कारण खरी मजा इथे आहे.

नागार्जुनकोंड्याचे इक्ष्वाकू तिसऱ्या-चौथ्या शतकातले. इक्ष्वाकू म्हणजे रामाचं कूळ, अयोध्येचं. पण या घराण्याच्या पहिल्या राजाचं नाव वासिष्ठीपुत्र चांतमूल, त्याच्या बहिणींची नावं चांतिसिरी आणि हम्मसिरी. यातलं काय अयोध्येचं वाटतं? चांतमूलाच्या मुलाने, वीरपुरुषदत्ताने, आपल्या सख्ख्या आत्यांच्या मुलींशी लग्नं केली. उत्तरेत ही सोयरीक ऐकूनच कानांवर हात ठेवतील. दख्खनेत आणि दक्षिणेत मात्र आते-मामे भावंडांची लग्नं शतकानुशतकं होत आली आहेत. नाव अयोध्येचं, सोयरीक मातीतली. याच चांतमूलाने अग्निष्टोम केला, वाजपेय केला, अश्वमेध केला, आणि त्याच्या लेखांत त्याला कोटी सुवर्णमुद्रा, लाख गायी आणि लाख नांगरांची जमीन दान करणारा म्हटलं आहे.

लाख गायी आणि वीस हजार गायी. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. कृष्णाकाठी जे चाललं होतं, तेच दीड-पावणेदोनशे वर्षांत महाकामच्या काठी चाललेलं दिसतं. स्थानिक नायकाचं घराणं, त्याला पुराणातलं किंवा संस्कृत नाव, वेदांत सांगितलेले मोठे यज्ञ, अवाढव्य दानाचे आकडे, आणि हे सगळं दगडावर कोरून ठेवणं. नायकाचा राजा होण्याची ती रीत होती. तीही आंध्रात जन्मलेली नाही. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा जो लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, त्यात हेच आहे: यज्ञांची यादी, आणि प्रत्येक यज्ञाच्या दक्षिणेत गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नावाची नाणी. घाटमाथ्यावर वापरलेली रीत सातवाहनांबरोबर कृष्णेच्या खोऱ्यात गेली. तिथे इक्ष्वाकूंनी ती उचलली. मग ती जहाजात चढली. आईच्या गोत्रावरून नाव लावणंही तसंच: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही नावं आपल्याला नाशिकच्या लेण्यात भेटतात आणि नागार्जुनकोंड्यातही. ते मात्र पलीकडे गेलं नाही. ज्याला जे हवं होतं तेवढंच त्याने घेतलं.

जहाजात चढली म्हणजे कशी, ते जरा बघू, कारण हा भाग कल्पनेवर सोडायचा नाही. इ.स. १५०च्या सुमारास टॉलेमीने भूगोल लिहिला. त्यात कृष्णेच्या मुखाकडच्या ‘मैसोलिया’ प्रदेशात ‘कोंटाकोसिला’ नावाचं व्यापारी बंदर आहे. त्याच किनाऱ्यावर आणखी पुढे तो एक जागा सांगतो, जिथून सुवर्णभूमीकडे जाणारी जहाजं किनारा सोडून भर समुद्रात घुसतात. याआधीच्या, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नावाड्याच्या वाटाड्या-पुस्तिकेत या मुलखात भरपूर तलम मलमल होते असं म्हटलंय. कापड घ्यायचं, सोनं आणायचं, असा तो सौदा. सातवाहनांच्या पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांच्या नावाची, दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची नाणी पूर्व किनाऱ्यावर मिळतात. राजाने नाण्यावर हत्ती, सिंह न टाकता जहाज टाकावं, यातच सगळं आलं.

टॉलेमीचं कोंटाकोसिला म्हणजे आजचं कृष्णा जिल्ह्यातलं घंटसाळ. तिथल्या एका प्राकृत लेखात सिवक नावाच्या ‘महानाविका’चा उल्लेख आहे. राजा नाही, सेनापती नाही, मोठा नावाडी. आज घंटसाळ समुद्रापासून आत पडलंय, नदीच्या गाळाने किनारा पुढे सरकला. वसईजवळचं जुनं बंदर सोपारा बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

याच घंटसाळचं नाव नागार्जुनकोंड्यातल्या एका लेखातही येतं, ‘कंटकसेल’ म्हणून. लेख बोधिसिरी नावाच्या उपासिकेचा, वीरपुरुषदत्ताच्या कारकिर्दीच्या १४व्या वर्षातला. तिने कुठे कुठे काय बांधलं त्याची यादी आहे, आणि त्यात कंटकसेलच्या महाचैत्याच्या, म्हणजे मोठ्या स्तूपाच्या, पूर्वदारी दगडी मंडप आहे. मुख्य चैत्यगृह तिने अर्पण केलं ते सिंहलद्वीपाच्या थेरांना, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंना. या थेरांनी जिथे जिथे धर्म पोचवला ते देश ती सांगते: काश्मीर, गंधार, चीन, चिलात, तोसली, अपरांत, वंग, वनवासी, यवन, दमिल, पालूर आणि ताम्रपर्णी द्वीप. ही यादी वाचताना मी ‘अपरांता’पाशी थबकतो. अपरांत म्हणजे आपलं कोकण. कृष्णेच्या काठी बसलेल्या एका बाईच्या नकाशात कोकण, काश्मीर, चीन आणि श्रीलंका एका ओळीत बसतात. समुद्रापलीकडच्या संबंधांचा यापेक्षा स्वच्छ पुरावा आंध्रात मला माहीत नाही, आणि त्यात कुणी कुणाला जिंकलेलं नाही. नागार्जुनकोंड्यात ‘सीहळ विहार’ही होता, सिंहली भिक्षूंचा. ब्रह्मदेशात बेइक्थानो या प्यू लोकांच्या शहरात सापडलेल्या एका विहाराचा आराखडा नागार्जुनकोंड्याच्या विहारांशी मिळताजुळता आहे, तोही याच रहदारीतला.

जाणारे फक्त इकडचे होते असंही समजू नये. मलय आणि इंडोनेशियन बेटांवरचे लोक तर समुद्राचेच. ते स्वतः इथवर येत असणार, इथले राजे, यज्ञ, देवळं बघत असणार. बोलावणं तिकडून आलं, हे पटतं ते त्यामुळेच.

आता कौंडिण्याची गोष्ट. हिच्यावाचून हा विषय पुरा होत नाही, आणि घोळही हिच्यातच जास्त. तिसऱ्या शतकात चीनचा दूत कांग ताई फुनानला, म्हणजे मेकाँगच्या मुखाकडच्या राज्यात गेला. त्याने ऐकलेली कथा अशी: परदेशातून हुन-तिएन नावाचा पुरुष स्वप्नातल्या आज्ञेवरून जहाजाने आला, तिथल्या राणीच्या नावेवर बाण मारला, ती शरण आली, दोघांचं लग्न झालं. हुन-तिएन म्हणजे कौंडिण्य, असं अभ्यासक धरतात. सातव्या शतकात, ६५८च्या सुमारास, चंपेतल्या मी-सोनच्या संस्कृत लेखात ही कथा सजून येते: कौंडिण्याने द्रोणपुत्र अश्वत्थाम्याकडून मिळालेला भाला रोवला आणि नागराजाची मुलगी सोमा हिच्याशी लग्न केलं. इकडे पल्लवही आपल्याला अश्वत्थाम्याचे वंशज म्हणवतात, आणि त्यांच्याही ताम्रपटांत नागकन्या आहे. मग काय, झालंच सिद्ध?

तारखा बघा. पल्लवांच्या ताम्रपटांत नागकन्या येते ती नवव्या शतकात. तिकडची कथा लिहिली गेली तिसऱ्या आणि सातव्या शतकात. लेखी पुराव्यात पलीकडचा काठ पुढे आहे. कदाचित दोघांनी एकाच तिसऱ्या ठिकाणाहून उचललं असेल. परका वीर आणि नागकन्या ही जोडी भारतभर आहे. आणि कौंडिण्य हे गोत्र आंध्रात आहे तसं महाराष्ट्रातही आहे. गोत्रावरून गाव काढायचं ठरवलं तर पुण्याचे लोकही फुनानवर हक्क सांगतील.

जावाच्या पूर्णवर्म्याचा एक लेख मात्र मला फार आवडतो. जकार्ताच्या उत्तर भागात तुगू इथे तो मिळाला, पाचव्या शतकातला. राजाने ‘गोमती’ नावाचा कालवा खणला, लांबी ६,१२२ धनुष्यं (धनुष्य हे तेव्हाचं लांबीचं माप), आणि ब्राह्मणांना हजार गायी दिल्या. आधी खणलेल्या दुसऱ्या कालव्याचं नाव चंद्रभागा. पंढरीच्या वारकऱ्याने जावात जाऊन हे ऐकलं तर हात जोडेल. जकार्ताशेजारच्या बेकासी शहराचं नाव याच चंद्रभागेपासून आलं, अशी एक व्युत्पत्ती तिकडे प्रसिद्ध आहे.

कालव्याचं काम फाल्गुन वद्य अष्टमीला सुरू झालं, चैत्र शुद्ध त्रयोदशीला संपलं, आणि लागले २१ दिवस, असं लेख सांगतो. बोटांवर मोजा. आपल्या पंचांगाप्रमाणे, महिना अमावास्येला संपतो असं धरून, अष्टमी ते अमावास्या आठ तिथी आणि पुढे तेरा, एकूण एकवीस. बरोबर! उत्तरेकडच्या पद्धतीने, महिना पौर्णिमेला संपवला, तर याच तिथ्यांमध्ये सुमारे पन्नास दिवस पडतात. म्हणजे पूर्णवर्म्याच्या पुरोहिताचं पंचांग आज महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र जे वापरतात त्या पद्धतीचं होतं. लगेच ‘पुरोहित आंध्रातला’ असा निकाल देऊ नये, कारण त्या काळात दख्खनेतही दोन्ही मोजण्या चालत. पण पंचांग सांगणारा हाडामासाचा माणूस तिथे बसला होता आणि त्याचा हिशेब चुकला नव्हता, एवढं दिसतं.

शब्दांचंही थोडं सांगतो. मलय मुलखात दक्षिण भारतीयांना ‘केलिंग’ म्हणत, ते कलिंगावरून. आणि कलिंगाचा दक्षिण भाग, श्रीकाकुळम्‌कडचा, आजही तेलुगू आहे. मलेशियात हा शब्द आता शिवीसारखा झालाय, तिथे गेलात तर वापरू नका. ब्रह्मदेशात मोन लोकांना ‘तलैंग’ म्हणत, त्याचा संबंध तेलंगाशी लावण्याची पद्धत इंग्रजांच्या काळापासून आहे. अनेक भाषातज्ज्ञांना ती व्युत्पत्ती पटत नाही आणि खुद्द मोनांना तो शब्द खपत नाही.

मूलवर्म्याच्या नावाचं विद्यापीठ आज महाकामच्याच काठी, समरिंदा शहरात आहे. आणि त्याच प्रांतात, सांगत्ता इथे, एक सरकारी इस्पितळ आहे. त्याला नाव दिलंय कुडुंगा, म्हणजे आजोबांचं.